दिवो बडो कर

शब्द एकच होता. तो मला माहीत होता आणि माझ्या अक्काला माहीत नव्हता. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि मला जवळजवळ महिना मिळाला होता.

मी लोटन. त्या काळी धरणगावला वीज कचेरीत मीटर बघायचं काम करायचो, रोजंदारीवर. नववं वर्ष चालू होतं. दारोदार फिरणाऱ्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात, चहा आणि किस्से. चहा मी तिथेच पिऊन टाकायचो. किस्से मात्र संध्याकाळी झुलालच्या हॉटेलात आणून वाटायचो. कोणाची सासू कशी बोलते, कोणाच्या घरात कोण कोणाला घाबरतं, सगळं हातवारे करून सांगायचो. लोक हसून लोळायचे. झुलाल म्हणायचा, "लोट्या, तू ज्या दिवशी मरशी त्या दिवशी मना धंदा बसी." मला ते ऐकायला फार आवडायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चात आमच्या कचेरीत नवे साहेब आले. वयाने लहान, पण डोकं चालणारे. पहिल्याच मीटिंगला म्हणाले, "वीज वाचवा असं सांगून कोणी वाचवत नाही. बिल वाढलं तरी वाचवत नाही. माणूस बिलाला भीत नाही, शेजाऱ्याला भितो." त्यांनी काढलेली योजना अशी होती. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक फळा लावायचा. त्यावर घरमालकाचं नाव, गेल्या वर्षी ह्या महिन्यात किती युनिट जळाले आणि यंदा किती. ज्याचं सगळ्यात जास्त घटलं त्याचं नाव वर, ज्याचं वाढलं त्याचं तळाला. उन्हाळा संपला की पहिल्या घराच्या दारावर पितळी पाटी, 'आदर्श घर'. माझ्या वाट्याला रुई गल्ली आली. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "लोटन, तुझी गल्ली चौथ्या हिश्श्याने खाली आण. तुला कायम करायचं पत्र मी स्वतः वर पाठवतो."

कायम. नऊ वर्षं हा एक शब्द मी देवाच्या नावासारखा घेत होतो. मग काय, अंगात आल्यासारखा कामाला लागलो. घरोघर जाऊन सांगितलं, खोलीत माणूस नसेल तर दिवा नको, साठचा बल्ब काढा आणि चाळीसचा लावा, संध्याकाळी सहा ते नऊ इस्त्री नको, पंखा भिंतीसाठी नसतो. सगळ्यांना पाठ होईल असं एक वाक्यही मी तयार केलं होतं, "इथे एक दिवा बंद केला की तिथे भुसावळच्या वीजघरात मूठभर कोळसा जळायचा वाचतो."

पहिल्या महिन्यातच फळ्याने गल्ली फिरवली. पुना शिंप्याने विजेची इस्त्री कपाटात टाकली आणि बापाची कोळशाची काढली. भिकुबाईचं नाव तळापासून दुसरं आलं, तर ती आठ दिवस फळ्याकडे पाठ करून चालायची. नंतर तिने स्वतःचा दिवा बंद ठेवला आणि निवडायची डाळ घेऊन शेजारणीच्या दिव्याखाली जाऊन बसायला लागली. शेजारीण काही कमी नव्हती. तिनेही बटण दाबलं. दोघी अंधारात समोरासमोर बसून एकमेकींचा उद्धार करायच्या, पण दिवा कोणीच लावायचं नाही. रात्री कोणाच्या खिडकीत उजेड दिसला की समोरचा ओट्यावर येऊन मोठ्याने खाकरायचा.

एप्रिल लागला तसा संध्याकाळी सातला रुई गल्लीत शिरलं की ओट्यांवर माणसं बसलेली असायची, बोलणं ऐकू यायचं, पण कोणाचं तोंड दिसायचं नाही. त्या अंधारातून मी छाती काढून चालायचो, जणू तो मीच विणून गल्लीवर पांघरला होता.

राहिलं होतं एक घर, गौतमचंद शेठचं. रुईचे व्यापारी, घरात तीन पंखे आणि एक फ्रीज. फळ्यावर त्यांचं नाव तळाला असायचं आणि शेठ त्याकडे बघून हसायचे. ह्या घराने माझी सगळी गल्ली बुडवली असती. पण त्या घरात खरी सत्ता शेठची नव्हती, त्यांच्या आईची होती. राजकुंवरबाई, सगळी गल्ली त्यांना माँजी म्हणायची. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. चौदाव्या वर्षी मारवाडातून लग्न होऊन आल्या. मराठी समजायची, तोडकीमोडकी बोलायच्या, पण घरात जीभ मारवाडीच. धर्माला फार कडक. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायच्या नाहीत.

एका संध्याकाळी मी थेट त्यांच्याच खोलीत गेलो आणि माझं भुसावळचं वाक्य म्हटलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

"अग्नीत जीव असतात, भाया," त्या म्हणाल्या. "मोजता यायचे नाहीत एवढे. मला वाटायचं, बटण दाबलं, त्यात कांई पाप? तू सांगितलंस म्हणून कळलं. वात इथे नाही, भुसावळला जळते."

आणि त्यांनी तिथल्या तिथे हात जोडून नेम घेतला. चौमासा, म्हणजे चातुर्मास, लागेपर्यंत त्यांच्या खोलीत विजेचा दिवा नाही, पंखा नाही. शेठ धावत आले. "माँजी, वैशाखात पंख्याशिवाय?" त्यावर त्या म्हणाल्या, "म्हारी सासू पंख्याखाली जगली होती कांई?" विषय संपला. घरातली मोठी बाई एवढा नेम करते म्हटल्यावर सुनेनेही पुढच्या दोन खोल्यांचे पंखे बंद केले. आठ दिवसांत गल्लीतल्या सगळ्या जैन घरांत हे लोण पोचलं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

खोलीत संध्याकाळपुरता कंदील ठेवायचं ठरलं. तो अडकवायला उशाशी भिंतीत खिळा मीच ठोकला. हातोडी त्यांच्या घरची, जागा मी निवडलेली.

कंदील लावून झाला, अंथरूण नीट करून झालं, तशा माँजी मला म्हणाल्या, "भाया, दिवो बडो कर दे." मी वात वर केली. त्या म्हणाल्या, "बडो कर." मी आणखी वर केली. "अरे बडो कर, बडो," त्या चिडून म्हणाल्या. काच काळी पडायला लागली. दारात त्यांची सून हीराबाई उभी होती, तिने पदर तोंडात कोंबला.

"लोटनभाऊ, बडो म्हणजे मालवायचा," ती म्हणाली. "विझव असं म्हणणं आमच्यात अशुभ. दिवा बडो करायचा म्हणतात. तो शांत झाल्याशिवाय माँजी सामायिकला बसत नाहीत."

सामायिक म्हणजे त्यांचं संध्याकाळचं ध्यान. तोंडाला पांढरी पट्टी बांधून घडीभर अंधारात स्थिर बसायचं. एकदा बसलं की दिवा लाव, दिवा मालव असलं काहीही बोलायचं नाही, हातही लावायचा नाही. हीराबाईने मला हे सगळं नीट सांगितलं. मी चुकलो म्हणून कान पकडला. आमच्या बाया बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, त्यातलाच हा प्रकार, हे मला लगेच कळलं.

त्या संध्याकाळी झुलालच्या हॉटेलात मी हा किस्सा पहिल्यांदा केला. एका हाताने वात वर करतोय, दुसऱ्या हाताने डोळे चोळतोय, आणि म्हातारीचा आवाज काढून "बडो कर, बडो कर". बाकडी हलली. दुसऱ्या दिवशी लोक मुद्दाम ऐकायला आले. नशिराबादहून आलेल्या एका पाहुण्यानेही तो ऐकून तिकडे नेला. आठ-दहा दिवसांत अख्ख्या धरणगावाला ठाऊक झालं, की मारवाड्याच्या घरी दिवा मालवायचा असेल तर मोठा कर म्हणतात. बाया पाणवठ्यावर एकमेकींना "बडो कर ना गं" म्हणून चिडवायच्या.

अख्ख्या गावाला ठाऊक झालं. माझी अक्का तेवढी तेव्हा गावात नव्हती.

अक्का म्हणजे धुरपदाबाई, माझी सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिने मला कडेवर वाढवलं. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात दिली होती. नवरा गेला, दिरांनी घराबाहेर काढलं, ती एप्रिलच्या शेवटी एक पिशवी घेऊन माझ्या दारात आली. तिच्या गावात वीज असून नसल्यासारखी. बटणाला हात लावायला ती भ्यायची, पदराने दाबायची. बोलणं अस्सल अहिराणी, दुसरी भाषा कानावरून गेलेली नव्हती.

त्याच आठवड्यात गौतमचंद शेठ मला म्हणाले, माँजींजवळ दिवसभर बसायला एखादी शांत बाई बघ. मी अक्काचं नाव सांगितलं. हीराबाईने तिला पाहिलं, तिला ती आवडली. फक्त एक प्रश्न तिने मला दारात थांबवून विचारला.

"माँजींची बोली समजेल ना ह्यांना? तुमच्यासारखं व्हायला नको."

"समजते की," मी म्हणालो. "मी सगळं सांगून ठेवलंय."

सांगितलं काहीच नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर तिने दुसरी बाई बघितली असती. आणि खरं सांगू? आता लपवून काय करायचंय. माझ्या मनात आलं होतं, होऊ दे एकदा अक्काची फजिती. वात वर, म्हातारी बडो, वात आणखी वर. झुलालकडे सांगायला दुसरा भाग मिळेल. पहिला भाग आता शिळा झाला होता.

अक्का रोज सकाळी जायची आणि दिवस मावळायच्या आत घरी यायची. संध्याकाळचा कंदील सून लावायची आणि सूनच बडा करायची. त्यामुळे तो शब्द अक्काच्या कानावर आलाच नाही. दोन-तीनदा जेवताना माझ्या ओठांपर्यंत आला. एकदा तर ती आपणहून म्हणाली, "भाऊ, माँजी काय बोलतस ते माले निम्मं समजत नही. मी नुसती मान हलावस."

"समजी जाई हळूहळू," मी म्हणालो आणि भाकरी मोडली.

मे महिना पेटला. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. भिंती रात्री दहालाही तापलेल्या असायच्या. पंखा नाही म्हटल्यावर माँजींच्या खोलीत डास घोंघावायला लागले. त्यांच्या धर्मात डास मारायचा नाही, आणि डास काही धर्म पाळत नाहीत. त्यांचे हात फोडांनी भरले. शेठनी जळगावहून नायलॉनची मच्छरदाणी आणली, पांढरी, बारीक जाळीची. पलंगाच्या चार दांड्यांना ती बांधली. गुडघ्यांमुळे माँजींना खाली बसता यायचं नाही, त्या सामायिकला पलंगावरच, त्या जाळीच्या आत बसायला लागल्या.

महिन्याचं रीडिंग घ्यायला गेलो तेव्हा ती मी पाहिली. कंदिलाचा माझा खिळा उशाशी तसाच होता. जाळी आणि कंदील यांत दोन विती अंतर असेल. खिडकीतून गरम वारा आला तशी जाळी फुगली आणि कंदिलाकडे सरकून परत गेली. मी ते बघितलं. माझ्या मनात स्पष्ट आलं, हा खिळा काढून समोरच्या भिंतीत ठोकला पाहिजे. पण मला पाच घरं करायची होती आणि मीटर बाहेर ओसरीत होता. मीटरची चकती इतकी हळू फिरत होती, की तिच्यावरची लाल खूण परत समोर यायला मी विडी संपेपर्यंत थांबलो. एवढ्या मोठ्या घराची चकती अशी फिरताना मी कधी बघितली नव्हती. मी आनंदाने पुढच्या घरी गेलो.

फळ्यावर गौतमचंद शेठचं नाव पहिलं आलं. गल्लीची वीज चौथ्या हिश्श्याहूनही जास्त घटली होती. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेठच्या सासुरवाडीला, धुळ्याला लग्न निघालं. सगळं घर दोन दिवसांसाठी जाणार. माँजींना प्रवास झेपणार नव्हता, म्हणून अक्काने दोन्ही संध्याकाळी तिथेच राहायचं ठरलं. निघताना हीराबाई जीपमधून वाकून मला म्हणाली, "अक्कांना एकदा सगळं परत सांगा हं, दिव्याचं."

"हो, हो, सांगतो," मी म्हणालो.

पाचच्या सुमारास मी खरंच गेलो. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही, माझी बाजूच नाही. गेलो, एवढं खरं आहे. अक्का ओसरीत कंदिलाची काच राखेने पुसत बसली होती. आतून माँजींची माळ ओढल्याचा आवाज येत होता. अक्का खुशीत होती. बटणं दाबायची नाहीत, कंदीलच लावायचा, हे काम तिच्या हातचं होतं.

"भाऊ, काही ध्यानमा ठेवानं शे का?" तिने विचारलं. "सांगी ठेव. मना हातखाल काही चुकाले नको."

मी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आणि मला हसू आलं. ती कंदिलाशी झटापट करतेय, म्हातारी ओरडतेय, हे चित्र समोर आलं आणि मला ते मोडवेना.

"काही नही," मी म्हणालो. "माँजी सांगतीन तसं कर. सांगतीन तसंच."

"तसंच करसू," अक्का म्हणाली.

त्यानंतर काय झालं ते मला अक्काने सांगितलं, एकदाच, पुन्हा कधी नाही. दिवस बुडाला. तिने कंदील लावून खिळ्याला अडकवला. माँजींनी तोंडाला पट्टी बांधायला घेतली, मांडीखालचं आसन नीट केलं, मच्छरदाणी चहूबाजूंनी गादीखाली खोचून घेतली आणि म्हणाल्या, दिवो बडो कर दे. अक्काने वात वर केली. माँजी म्हणाल्या, बडो कर. तिने आणखी वर केली. बिचारी माँजींच्या डोळ्यांबद्दल विचार करत होती. म्हातारीला दिसत नाही, म्हणून मोठा दिवा हवा असेल. तिसऱ्यांदा त्या काहीतरी पुटपुटल्या आणि गप्प झाल्या. सामायिकची वेळ टळत होती, तेव्हा दिवा जळत असतानाच त्या डोळे मिटून बसल्या असणार. एकदा बसल्यावर दिव्याचं नाव काढायचं नाही. अक्काला वाटलं, आता गप्प झाल्या म्हणजे दिवा त्यांच्या मनासारखा झाला. ती समाधानाने मागच्या अंगणात भांडी घासायला गेली.

त्या वेळी मी झुलालच्या हॉटेलात होतो. काय करत होतो ते विचारू नका. तेच करत होतो.

उजेड पहिल्यांदा भिकुबाईने बघितला. दोन महिने ज्या गल्लीत खिडकीला पिवळा ठिपका दिसला तरी लोक खाकरायचे, तिथे शेठच्या घराची अख्खी खिडकी लख्ख झाली होती. भिकुबाई ओट्यावर आली. शेजारीण आली. पुना शिंपी आला. आणि त्यांनी काय केलं? ते बघत उभे राहिले. त्यांना वाटलं, घरचे लग्नाला गेले तशी कोणीतरी सगळी बटणं दाबली. माँजींचा नेम मोडला. "आता पाहू फळ्यावर काय लिखतस ते," भिकुबाई म्हणाली. ती नंतर हे सगळ्यांना रडत सांगायची, मी ते तिच्याच तोंडून ऐकलं. उजेड हलायला लागला आणि अक्काची किंकाळी आली, तेव्हा ते धावले.

काच तडकली होती. वारा आला होता. नायलॉन जळत नाही नुसतं, वितळतं आणि चिकटतं. जाळी चारी बाजूंनी खोचलेली होती. अक्काने ती दोन्ही हातांनी फाडली.

मी पोचलो तेव्हा माँजींना ओल्या चादरीत गुंडाळून ओसरीत आणलं होतं. अक्का मीटरखाली बसली होती, हात पुढे धरून. मी तिच्याकडे गेलो नाही. मी वर मीटरकडे बघितलं. सवय, दुसरं काय. चकती पूर्ण थांबलेली होती.

माँजींना जळगावला नेलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या. मधे एकदा शुद्धीवर आल्या तेव्हा शेठना म्हणाल्या, बाईला कोणी काही बोलू नका, तिने मी सांगितलं तसंच केलं. शेठनी ते पोलिसांना सांगितलं, कागद झाला, अपघात म्हणून मिटला. शेठ माणूस म्हणून मोठे निघाले. अक्काच्या हातांच्या औषधासाठी त्यांनी माणूस पाठवला.

तेराव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. गेलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून गेलो. हीराबाई आतून आली. पांढरी साडी, डोळे सुजलेले. तिने मला बसा म्हटलं नाही. हळू आवाजात विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?"

मी खाली बघितलं. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही, आत निघून गेली. ती शेठना काही बोलली नाही, गल्लीला काही बोलली नाही. पुढे ती हयात होती तोवर दर महिन्याला मी त्या ओसरीत जायचो, आणि ती समोर असली तर उठून आत जायची. त्यापेक्षा तिने चारचौघांत चप्पल मारली असती तर मी तिचे पाय धरले असते.

जूनअखेरीस उन्हाळ्याचा निकाल लागला. शेठचं घर पहिलं होतं. अर्थातच होतं, शेवटचा महिना तर तिथे जवळजवळ काहीच जळालं नव्हतं. साहेबांना काय करावं कळेना. पितळी पाटी तयार होऊन आली होती. ती कचेरीतल्या कपाटावर पालथी पडून राहिली. मी रोज ती बघायचो. फळे पुढच्या महिन्यात उतरवले, आणि ज्या दिवशी रुई गल्लीचा फळा काढला त्या संध्याकाळी प्रत्येक घराने प्रत्येक दिवा लावला. ओट्यावरचे, संडासातले, जिन्यातले, सगळे. रात्रभर कोणी मालवले नाहीत.

ऑगस्टात माझं पत्र आलं. मी कायम झालो. साहेबांनी शब्द पाळला.

झुलालच्या हॉटेलात मी पुन्हा गेलो नाही. एकदा रस्त्यात तो भेटला, माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेला आणि मधेच मागे घेतला. तो काय म्हणणार होता ते मला ठाऊक आहे. ही गोष्ट तर तूच सांगितली होती, लोट्या. सगळ्यांना सांगितली होती.

अक्का माझ्याकडेच राहिली. हात बरे झाले, पण बोटं मिटायची नाहीत. भाकरी तिला मीच मोडून द्यायचो. लहानपणी तिने मला द्यावी तशी. ती फारसं बोलायची नाही. गणपतीच्या सुमारास एका संध्याकाळी शेजारची बेबाबाई आमच्याकडे बसायला आली होती. तिच्या तोंडून सहज निघून गेलं, की मारवाड्यांत दिवा बडा करणं म्हणजे मालवणं, आता हे कोणाला ठाऊक नाही? अक्का ऐकत राहिली. बेबाबाई गेली. मग अक्काने उंबऱ्यावर बसूनच मला हाक मारली.

"भाऊ, तुले ठाऊक व्हतं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित खरं बोललो असतो. तिला फक्त नाही ऐकायचं होतं. मला तिने वाढवलं होतं, मी खोटं बोलताना तिला कळत नाही असं कधी झालं नव्हतं.

"नही, अक्का," मी म्हणालो. "माले कसं ठाऊक राही?"

तिने मान हलवली. माँजींचं बोलणं समजलं नाही की हलवायची, तशीच. भिंतीला धरून उठली, खाटेवर जाऊन पडली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"लाईट बडा कर, भाऊ," ती म्हणाली.

तेव्हापासून ती मरेपर्यंत रोज तसंच म्हणायची. मी उठून बटण दाबायचो.